'कमिट' आणि 'कमिटमेंट': इंग्रजीत वापरताना कुठे काय लावायचं

"त्याने शुक्रवारची तारीख कमिट केलीय." "कामाबद्दल तिची कमिटमेंट जबरदस्त आहे." "विचारू नकोस, तो कमिटेड आहे." मराठी बोलताना हे शब्द आपण इतके सहज वापरतो की ते परके वाटतच नाहीत. बोलण्यात सगळं खपतं. इंग्रजीत मेल लिहायची वेळ आली किंवा इंग्रजी बातमी वाचायला घेतली, की घोळ सुरू होतो. तिथे हाच शब्द खुनाशेजारी दिसतो, तुरुंगाशेजारी दिसतो, पाठांतराच्या आणि डेटाबेसच्या संदर्भातही दिसतो. 'वचनबद्ध' हा एकच अर्थ डोक्यात धरून 'ही कमिटेड अ मर्डर' वाचलं, तर हाती काहीच लागत नाही.

म्हणून अर्थांची यादी घोकू नका. वाक्यात 'कमिट'च्या पुढे काय आलंय ते बघायची सवय लावा. नव्वद टक्के काम तिथेच होतं.

आधी मुळाकडे एक नजर

लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणं, सोडणं. 'मिशन', 'मिसाईल', 'सबमिट', 'परमिट', 'ट्रान्समिट' ही सगळी त्याच घरातली मंडळी. त्याला 'एकत्र' अशा अर्थाचं 'कोम' जोडून 'कोमित्तेरे' झालं आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तो सोपवणं, हवाली करणं या अर्थाने. एखादी गोष्ट आपल्या हातून सुटली आणि दुसरीकडे जाऊन पक्की बसली, ही कल्पना आजच्या बहुतेक अर्थांच्या तळाशी सापडते. शब्द दिला, माणूस तुरुंगात धाडला, कविता डोक्यात ठेवली, डेटा नोंदला: सगळीकडे तेच. गुन्ह्याचा अर्थ यात ओढूनताणूनच बसतो, तो वेगळा लक्षात ठेवलेला बरा.

पायरी १: पुढचा शब्द बघा

चार साचे पुरे आहेत.

'कमिट'च्या लगेच पुढे एखादं वाईट कृत्य आलं, तर अर्थ 'करणं': कमिट अ क्राइम, कमिट फ्रॉड.

पुढे आधी वस्तू किंवा व्यक्ती, मग 'टू' आणि मग ठिकाण आलं, तर अर्थ 'सोपवणं, धाडणं, राखून ठेवणं': कमिट समथिंग टू मेमरी, कमिट फंड्स टू अ प्रोजेक्ट.

थेट 'टू' आलं, तर अर्थ 'बांधून घेणं': कमिट टू अ डेडलाइन.

पुढे काहीच आलं नाही, तर अर्थ 'पक्कं ठरवणं': 'शी वोन्ट कमिट', म्हणजे ती ठाम काही सांगत नाहीये.

पायरी २: गुन्ह्याचा साचा

क्राइम, मर्डर, फ्रॉड, ट्रीझन (देशद्रोह), सिन (पाप), अडल्टरी (व्यभिचार), आणि न्यायालयात खोटी साक्ष दिली तर पर्जरी. या सगळ्यांना 'डू' किंवा 'मेक' न लावता 'कमिट' लावतात. मध्ये 'टू' येत नाही. 'कमिट टू अ मर्डर' लिहिलंत तर तो माणूस खून करायला बांधील आहे असा भलताच अर्थ निघतो.

चांगल्या कामाला 'कमिट' लागत नाही. कोणी 'कमिटेड अ गुड डीड' लिहिलं, तर वाचणारा ते विनोद म्हणून घेईल.

चूक या शब्दापाशी जरा थांबायला हवं. 'आय कमिटेड अ मिस्टेक' हे आपल्याकडच्या इंग्रजीत पदोपदी ऐकू येतं. व्याकरणाने ते मोडत नाही, पण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला ते अवजड लागतं, जणू किरकोळ चुकीवर आरोपपत्र दाखल केलंय. रोजच्या चुकीला 'मेक अ मिस्टेक'. 'एरर' आणि 'ब्लंडर' यांना 'मेक' चालतं, औपचारिक लिखाणात 'कमिट'ही चालतं. खेळातल्या फाउलला 'कमिट अ फाउल' अगदी बरोबर.

आत्महत्येच्या संदर्भात मात्र सवय बदला. 'कमिटेड स्युइसाइड' हा प्रयोग जुना आहे आणि तो रुजला त्या काळात आत्महत्या हा गुन्हा मानला जात होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६१ च्या स्युइसाइड ॲक्टने ती गुन्ह्यांच्या यादीतून निघाली, पण शब्द मागे राहिला. माध्यमांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्येही हा प्रयोग टाळायला सांगितलं आहे, कारण त्यातून गुन्हेगारी ध्वनित होते. त्याऐवजी 'डाइड बाय स्युइसाइड' लिहा.

पायरी ३: बांधून घेण्याचा साचा

सगळ्यात जास्त वापर इथे होतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच.

पहिली चूक मराठीतून थेट येते. मराठीत कुठल्याही इंग्रजी शब्दाला 'करणे' जोडलं की क्रियापद तयार: तारीख कमिट केली. त्याच चालीवर 'ही कमिटेड द डेट' लिहिलं जातं. इंग्रजीत तारखेआधी 'टू' हवा: 'ही कमिटेड टू द डेट'.

दुसरी चूक जास्त धोक्याची. "मी तुला कमिट केलं होतं" हे मराठीत साधं वाक्य आहे. ते 'आय हॅड कमिटेड यू' असं उतरवलंत, तर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो: मी तुला मनोरुग्णालयात भरती करवलं होतं. माणूस कर्म म्हणून आला आणि पुढे कशाला ते सांगितलं नाही, की वाचणाऱ्याला पहिला हाच अर्थ सुचतो. ग्राहकाला 'अ‍ॅज वुई कमिटेड यू' लिहिणारे रोज भेटतात. ग्राहक अर्थ सांभाळून घेतो, हा त्याचा चांगुलपणा. इथे 'प्रॉमिस' वापरा: 'अ‍ॅज वुई प्रॉमिस्ड यू'. 'कमिट'ला ज्याला शब्द दिला तो माणूस थेट जोडता येत नाही. ज्या गोष्टीचा शब्द दिला ती जोडता येते, तीही 'टू' लावून.

तिसरी चूक 'टू'च्या पुढच्या क्रियापदाची. 'वुई आर कमिटेड टू प्रोव्हाइड क्वालिटी सर्व्हिस' हे वाक्य कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर हमखास दिसतं. नीट रूप आहे 'कमिटेड टू प्रोव्हायडिंग'. कारण इथला 'टू' हा 'टू गो', 'टू ईट' मधला 'टू' नाही. तो 'टू द स्टेशन' मधला आहे, म्हणजे त्याच्यापुढे नाम लागतं आणि क्रियापद आणायचंच असेल तर ते 'इंग' लावून नामासारखं करून आणावं लागतं. 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' मध्येही हेच घडतं. शंका आली की एक चाचणी करा: क्रियापदाच्या जागी साधं नाम ठेवून बघा. 'वुई आर कमिटेड टू क्वालिटी' बसतं ना? मग क्रियापदाला 'इंग' लावा.

एक सूट आहे. 'कमिटमेंट' हे नाम असेल तर दोन्ही रूपं चालतात: 'अ कमिटमेंट टू रिड्यूस वेस्ट' आणि 'अ कमिटमेंट टू रिड्यूसिंग वेस्ट'. क्रियापदापुढेही 'कमिट टू डिलिव्हर' असं लिहिलेलं दिसेल, काही शब्दकोश ते मान्यही करतात. तरी नवशिक्याने 'इंग' धरून चालावं. ते कुठेच चुकत नाही.

चौथी, 'टुवर्ड्स'. 'कामाप्रती निष्ठा' मधल्या 'प्रती'चा हा शब्दशः अवतार. 'हिज कमिटमेंट टुवर्ड्स वर्क' ऐवजी 'हिज कमिटमेंट टू हिज वर्क'. 'फॉर'ही नको.

पायरी ४: शब्दाचं वजन ओळखा

कामाच्या मेलमध्ये 'कमिट' हा साधा 'हो' नसतो. त्याच्याखालच्या पायऱ्या बघा. 'आय विल ट्राय' यात जवळजवळ काहीच कबूल केलेलं नाही. 'आय होप टू' म्हणजे इच्छा आहे. 'आय एक्स्पेक्ट टू' आणि 'आय प्लॅन टू' म्हणजे अंदाज आहे, तयारीही आहे. 'आय विल' म्हणजे करतो. आणि 'आय कमिट टू' म्हणजे झालं नाही तर मला जाब विचारा. कोणी 'कॅन यू कमिट टू मंडे?' असं विचारलं, तर तो सोमवारी जमेल का एवढंच विचारत नाही. सोमवार धरून तो पुढची कामं लावणार आहे. 'यस' म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या.

नकार देतानाही हाच शब्द कामी येतो, आणि फार सभ्यपणे येतो. 'आय कान्ट कमिट टू अ डेट यट, बट आय विल कन्फर्म बाय थर्सडे.' यात नाही म्हटलेलं नाही, खोटा होकारही दिलेला नाही, आणि उत्तर कधी मिळेल तेही सांगितलंय. शेवटचा भाग गाळू नका. नुसतं 'आय कान्ट कमिट' लिहून सोडलं तर ते टोलवाटोलवीसारखं वाटतं.

हे वजन किती गंभीरपणे घेतलं जातं याचा चांगला दाखला सॉफ्टवेअरच्या जगात आहे. स्क्रम ही टीमने छोट्या छोट्या टप्प्यांत काम करण्याची पद्धत. तिच्यात टीम ठरावीक काळात अमुक इतकं काम पूर्ण करायला 'कमिट' करते, अशी भाषा होती. २०११ च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे या पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, ती बदलून त्या कामाला 'फोरकास्ट', म्हणजे अंदाज, म्हटलं गेलं. कामाचं स्वरूप अनिश्चित असताना प्रत्येक गोष्टीची हमी मागितली की लोक आकडे फुगवून सांगतात किंवा दर्जाला कात्री लावतात. २०२० च्या आवृत्तीत 'कमिटमेंट' परत ठळक झाला, पण तो जोडला गेला प्रॉडक्ट गोल (प्रॉडक्टचं उद्दिष्ट), स्प्रिंट गोल (एका टप्प्याचं उद्दिष्ट) आणि 'डन'ची व्याख्या (काम पूर्ण कधी म्हणायचं) यांना. एवढा काथ्याकूट एका शब्दापायी.

खेळातही हे वजन दिसतं. पेनल्टीच्या वेळी गोलकीपर 'कमिटेड टू अर्ली' (हा 'टू' म्हणजे 'फारच') म्हणतात, तेव्हा किक बसायच्या आधीच त्याने एका बाजूला झेप घेतलेली असते. आता मागे फिरणं शक्य नाही.

पायरी ५: 'कमिटमेंट' एक की अनेक

निष्ठा, झोकून देणं या अर्थाने 'कमिटमेंट' मोजता येत नाही. 'शी शोज ग्रेट कमिटमेंट', मागे 'अ' नाही आणि पुढे 'एस' नाही.

दिलेला शब्द या अर्थाने ते मोजता येतं: 'मेक अ कमिटमेंट', 'ऑनर अ कमिटमेंट' म्हणजे शब्द पाळणं, 'ब्रेक अ कमिटमेंट' म्हणजे शब्द फिरवणं. मराठीत शब्द 'देतात' म्हणून 'गिव्ह कमिटमेंट' असं सुचतं. 'गिव्ह अ कमिटमेंट' हे ब्रिटिश औपचारिक इंग्रजीत आहे, तेव्हा ते सरसकट चूक ठरवू नका. पण 'अ' विसरू नका, आणि रोजच्या वापरात 'मेक' धरा.

अनेकवचनात अर्थ जरा सरकतो. 'फॅमिली कमिटमेंट्स', 'वर्क कमिटमेंट्स' म्हणजे ज्यात वेळ किंवा पैसा आधीच अडकलाय अशा जबाबदाऱ्या. निमंत्रण नाकारायचं असेल तर 'ड्यू टू प्रायर कमिटमेंट्स' हे ठरलेलं वाक्य. कारण सविस्तर सांगावं लागत नाही आणि कोणी विचारतही नाही.

पायरी ६: 'कमिटेड' माणूस

'अ कमिटेड टीचर' म्हणजे मन लावून, तळमळीने शिकवणारी शिक्षिका. इथे 'वचनबद्ध' लावलं तर मराठी लाकडी होतं. संस्था किंवा सरकार बोलत असेल तर 'कटिबद्ध' किंवा 'बांधील' शोभतं. विचारसरणीचा प्रश्न असेल तर 'बांधिलकी'. भाषांतर करताना आधी बोलतंय कोण ते पाहा.

प्रेमसंबंधांबाबत 'तो कमिटेड आहे' हे मराठी बोलण्यात स्वयंपूर्ण वाक्य आहे. परक्या माणसाला 'आर यू कमिटेड?' विचारलंत तर 'कशाला?' असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटेल. 'आर यू सीइंग समवन?' किंवा 'आर यू इन अ रिलेशनशिप?' विचारा. 'अ कमिटेड रिलेशनशिप' हा शब्दसमूह मात्र पक्का आहे.

'ओव्हरकमिटेड' हा फार उपयोगी शब्द. पेलवणार नाही इतकं अंगावर घेतलेला. 'अनकमिटेड व्होटर' म्हणजे अजून कोणाच्याही बाजूने न ठरवलेला मतदार. आणि 'नॉनकमिटल' म्हणजे 'कमिटमेंट नसलेला' नव्हे. बाजू कळू न देणारा. 'अ नॉनकमिटल आन्सर' म्हणजे मोघम, गुळमुळीत उत्तर.

पायरी ७: सोपवण्याचे जुने अर्थ

हे रोज वापरायचे नाहीत, पण वाचताना अडतात. 'कमिटेड टू प्रिझन' म्हणजे तुरुंगात रवानगी. 'कमिटेड फॉर ट्रायल' म्हणजे खालच्या न्यायालयाने प्रकरण सुनावणीसाठी वरच्या न्यायालयाकडे पाठवलं. या पाठवण्याला 'कमिटल' म्हणतात. रुग्णालयाबाबत नीट बघा: स्वतःहून किंवा साध्या आजारासाठी दाखल झाला तर 'अ‍ॅडमिटेड', मानसिक आजारामुळे, बहुधा इच्छेविरुद्ध आणि कायद्याच्या आदेशाने दाखल केलं तर 'कमिटेड'. अंत्यविधीच्या वर्णनात 'कमिटेड टू द फ्लेम्स' आलं तर अग्नीच्या स्वाधीन केलं.

'कमिट टू मेमरी' म्हणजे तोंडपाठ करणं आणि 'कमिट टू पेपर' म्हणजे कागदावर उतरवणं. जाता जाता: आपण 'बायहार्ट केलं' म्हणतो, पण इंग्रजीत 'बाय हार्ट' हे क्रियापद नाही. 'लर्न बाय हार्ट' म्हणा.

पायरी ८: संगणकावरचा 'कमिट'

डेटाबेसमध्ये अनेक बदल एका गठ्ठ्यात करतात, त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. एका खात्यातून रक्कम वजा करणं आणि दुसऱ्यात जमा करणं ही दोन कामं एकत्रच झाली पाहिजेत. दोन्ही नीट झाली की 'कमिट' हा आदेश देतात आणि बदल कायम होतात. मध्येच बिघडलं तर 'रोलबॅक' देऊन सगळं पूर्ववत. कमिटनंतर रोलबॅक चालत नाही.

नवखे इथे दोन ठिकाणी फसतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणजे प्रत्येक आदेश लगेच पक्का होतो. ट्रान्झॅक्शन सुरू न करताच 'डिलीट' चालवलं आणि मग रोलबॅक दिला, तर गेलेल्या नोंदी परत येत नाहीत. आणि टेबलाची रचना बदलणारे 'ऑल्टर टेबल'सारखे आदेश मायएसक्यूएल आणि ओरॅकल या डेटाबेसमध्ये आपोआप कमिट घडवतात, त्याआधीचे अर्धवट बदलही त्यांच्यासोबत पक्के होतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मात्र 'ऑल्टर टेबल'सुद्धा रोलबॅक करता येतं.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात 'कमिट' नामही आहे, क्रियापदही. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट तयार केलं. मराठी डेव्हलपर 'कमिट मार' म्हणतात आणि ते छान रुळलंय. क्रम असा: 'गिट ॲड'ने बदल निवडा, 'गिट कमिट'ने नोंदवा, 'गिट पुश'ने सर्व्हरवर पाठवा. "मी कमिट मारला, तुला दिसत कसा नाही?" या भांडणामागे बहुतेक वेळा तिसरी पायरी राहिलेली असते. कमिट फक्त स्वतःच्या मशीनवर होतो. संदेश लिहिताना पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास ठेवा आणि आज्ञार्थी लिहा, 'फिक्स लॉगिन एरर', 'फिक्स्ड' नको. मग एक ओळ मोकळी सोडून तपशील.

स्पेलिंग

'कमिट'मध्ये एम दोन, टी एक. 'कमिटेड' आणि 'कमिटिंग' मध्ये टी दोन. 'कमिटमेंट' आणि 'कमिट्स' मध्ये पुन्हा एक. नियम सोपा आहे: बोलताना जोर शेवटच्या 'मिट'वर पडतो, म्हणून स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की टी दुप्पट होतो; 'मेंट' व्यंजनाने सुरू होतं, तिथे होत नाही. 'व्हिजिट'मध्ये जोर पहिल्या अवयवावर आहे, म्हणून 'व्हिजिटेड'ला एकच टी. 'कमिटल' आणि 'नॉनकमिटल' यांनाही दोन टी. 'कमिटी'त एम दोन, टी दोन, ई दोन, सगळंच दुप्पट.

हात बसवायला पाच वाक्यं

मराठी वाक्य वाचा, इंग्रजी झाकून ठेवा, आधी स्वतः करून बघा.

"आम्ही तुम्हाला दहा तारीख कमिट केली होती." — 'वुई हॅड कमिटेड टू द टेन्थ', किंवा 'वुई हॅड प्रॉमिस्ड यू द टेन्थ'.

"खर्च कमी करायला आम्ही कटिबद्ध आहोत." — 'वुई आर कमिटेड टू कटिंग कॉस्ट्स'.

"माझ्याकडून एक चूक झाली." — 'आय मेड अ मिस्टेक'.

"सध्या माझ्यावर खूप जबाबदाऱ्या आहेत." — 'आय हॅव टू मेनी कमिटमेंट्स अ‍ॅट द मोमेंट'.

"त्याने हो किंवा नाही काहीच ठाम सांगितलं नाही." — 'ही वॉज नॉनकमिटल'. 'ही डिड नॉट कमिट हिमसेल्फ'ही चालेल. फक्त यातलं 'हिमसेल्फ' चुकूनही इंग्रजी 'मी' (म्हणजे 'मला') करू नका, नाहीतर पुन्हा मनोरुग्णालय.